मंडपाचा सण आणि परत द्यायच्या अटीवर मिळालेलं महाळुंग

दाजी ठाण्याहून आले की त्यांच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात. एक लियाताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, स्वतः ढवळलेला गव्हाच्या चिकाचा हलवा, आणि दुसरी म्हणजे मी ठाण्याला यावं याची कारणं. हलवा आम्ही पहिल्या दिवशी संपवतो. कारणं दाजी जाईपर्यंत पुरतात.

यंदा ते दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास सोडून त्याच गुरुवारी रात्री गाडीत बसले आणि शुक्रवारी बल्लारपूरला उतरले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ कोकणातले, पण मी गेली अनेक वर्षं चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. वीज केंद्रात फिटर म्हणून लागलो, आता फोरमन आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. चंद्रपूरच्या बाहेर एक प्लॉट आम्हाला पसंत पडलाय, विहिरीसकट. पण माझी बायको रीना अजून हो म्हणत नव्हती, कारण दाजींचं मुख्य कारण तिला पटण्यासारखं होतं.

"एली, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," दाजी दर वर्षी म्हणतात. "तुझ्याकडे तू एकटा. सणाचं सगळं सामान आम्ही ठाण्याहून पार्सल करायचं. पार्सलवर चालणारा सण कसला? तिथं आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा आहे."

यंदा मी सांगितलं, "दाजी, मंडपाच्या सणाचं यंदा एकही पान बाहेरून येणार नाही. सगळं चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतलं. नियमात बसणारं. एक जरी गोष्ट चुकली तर मी येतो ठाण्याला."

दाजींनी रीनाकडे पाहिलं. रीना भाजी निवडत होती. ती म्हणाली, "ठीक आहे. मग मीही येते बघायला. आणि ठरवणार मी."

दाजींनी तरीही ठाण्याचा तयार सेट सोबत आणला होताच. प्लास्टिकच्या नळीत पानं आणि फेसाच्या खोक्यात परदेशी फळ. "असू दे," म्हणाले, "अडलं तर."

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिब्रूत त्याला सुक्कोत म्हणतात. मराठीत मंडपाचा सण. पीक घरात येतं तेव्हा, पौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या आसपास. आमचे पूर्वज गुलामीतून सुटून चाळीस वर्षं वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस पक्कं घर सोडून मंडपात जेवायचं, जमलं तर झोपायचंही. कोठार भरलेलं असतानाच माणसाने कच्च्या छपराखाली बसावं, यात मला फार मोठा शहाणपणा वाटतो. आणि या सणाला आनंद करा अशी चक्क आज्ञा आहे. तोंड पाडून बसणं नियमबाह्य.

मंडपात चार वनस्पती हातात धरून आशीर्वाद म्हणायचा: महाळुंग हे जाड सालीचं मोठं लिंबू, खजुराच्या जातीच्या झाडाचा न उमललेला पोगा, विलायती मेंदीच्या तीन काड्या आणि वाळुंजाच्या दोन. महाळुंगाला चव आहे आणि वास आहे. खजुराला चव आहे, वास नाही. मेंदीला वास आहे, चव नाही. वाळुंजाला दोन्ही नाही. जुने लोक सांगत आले की माणसंही अशीच चार तऱ्हेची असतात, म्हणून चौघांना एकत्र धरायचं. एक वगळला तरी आशीर्वाद फुकट.

आता नियम. महाळुंग कलमी झाडाचं चालत नाही आणि त्याचा टोकाचा बारीक शेंडा मोडलेला नसावा. पोग्याचं टोक फाटलेलं नसावं. मेंदीच्या काडीवर एकेका पेरातून तीन-तीन पानं निघालेली हवीत. वाळुंज ताजं हवं. आणि यातलं काहीही चोरलेलं नसावं. हे मला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. हिब्रू मी शिफ्टच्या मधल्या वेळात शिकलो आणि झाडं नर्सरीवाल्यांची डोकी खाऊन.

मेंदी तर घरीच होती. विलायती मेंदी आपल्या रानात उगवत नाही, हे आधीच कबूल करतो. पण नऊ वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका नर्सरीतून आणलेलं रोप कुंडीत वाढलंय, इथल्याच मातीत, इरई धरणाच्या पाण्यावर. आठ वर्षं ते दोन-दोनच पानं देत राहिलं. गेल्या उन्हाळ्यात मी ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटलं. रीना दोन दिवस बोलली नाही. पावसाळ्यात जे नवे फुटवे आले त्यांतल्या पाचांवर तीन-तीन पानं होती. मी भिंग लावून पाहिलं, मग दाजींच्या हातात भिंग दिलं. त्यांनीही पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं.

रविवारी पहाटे सिरोंच्याकडे निघालो. शनिवारी आम्ही प्रवास करत नाही आणि सोमवारी सूर्यास्ताला सण लागणार होता, त्यामुळे हातात दोनच दिवस. मी स्टिअरिंगवर, दाजी शेजारी, मागे रीना आणि तिच्या मांडीवर मेंदीची अख्खी कुंडी. काड्या आधी तोडल्या तर सुकतात, म्हणून कुंडीच घेतली. डिकीत आमची भांडी, कारण जेवणाचेही आमचे नियम आहेत.

रस्त्याचं सांगतो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी. इथपर्यंत काही अडचण नाही. गोंडपिपरीला बसस्टँडसमोर पोहे खा, तर्री वेगळी मागा आणि जपून ओता. आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो आणि लोहखनिजाच्या ट्रकांची रांगही. ओव्हरटेकची घाई करू नका, समोरूनही ट्रकच येणार असतो. आलापल्लीपासून साग दोन्ही बाजूंनी इतका जवळ येतो की भर दुपारी गाडीत संध्याकाळ वाटते. पेट्रोल तिथेच भरून घ्या. पुढे रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी करत सिरोंच्यापर्यंतचा रस्ता कुठे नवा आहे, कुठे होणार आहे आणि कुठे होता. शंभरेक किलोमीटरला आम्हाला चार तास लागले.

शिंदीचा पोगा गोंडपिपरीच्या पुढे एका धानाच्या बांधावर मिळाला. शेतात माणूस होता, त्याला विचारलं.

"भाऊ, या शिंदीचा एक मधला पोगा घेऊ का?"

"घ्या न. कायले पाह्यजे?"

"देवाला."

"मंग चांगला पाहून घ्या," तो म्हणाला आणि स्वतःच विळा घेऊन आला.

खजूरच हवा, शिंदी चालत नाही, असं म्हणणारेही आहेत. आमच्या कोकणातल्या घरी शिंदीचाच घेत, आणि दाजींच्या वडिलांकडेही. त्यामुळे दाजींनी टोक फाटलंय का एवढंच तपासलं. मी खिशातला टेप लावून लांबी मोजली. भरली.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा पाट्या अर्ध्या तेलुगूत झाल्या होत्या. लॉजची खोली हजाराच्या आत मिळाली, पंखा चालू, पाणी ओढून घ्यायचं. संध्याकाळी प्राणहितेच्या काठावर उभं राहून दाजी बराच वेळ पाणी बघत होते. पलीकडे तेलंगणा. "केवढं पात्र आहे रे," म्हणाले. ठाण्याच्या खाडीचं नाव निघालं नाही.

सिरोंच्याचंच नाव घ्यायचं कारण एक लोणचं. आमच्या विभागात इथला एक सहकारी होता, त्याच्या डब्यात कधीकधी जाड सालीच्या लिंबाचं लोणचं असे. त्याला तिकडे तेलुगूत मादीफळ म्हणतात. मी फोड हातात घेऊन वास घेतला आणि ओळखलं: हे महाळुंग. त्याच्या मावशीच्या परसात झाड होतं.

सोमवारी सकाळी इडली खाऊन तिच्या घरी गेलो. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणते, आम्हीही म्हणालो. सत्तरी ओलांडलेली, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. मग झाड पाहिलं. अर्ध्याहून जास्त फांद्या वाळल्या होत्या. एकच फळ होतं. पिवळं होत आलेलं, ओंजळभर, खरबरीत सालीचं, आणि टोकाला शेंडा शाबूत.

"कलम आहे का अम्मा?"

"कलम कशाला? माझ्या सासऱ्याने बी टाकला. मी लग्न होऊन आली तेव्हा एवढा होता." तिने कमरेपाशी हात दाखवला. "तीन फळ आले यंदा. दोन माकडाने नेले."

मी देवाच्या कामासाठी म्हणून फळ मागितलं. अम्माने सरळ नाही म्हटलं.

"हे बीचं आहे. झाड मरते आता. याच्या बिया काढणार, मग लावणार. पैसा नको मला."

दाजींनी घसा खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ मला कळला. अम्मा आमच्या तोंडांकडे पाहून म्हणाली, "देवाचं काम आहे म्हणता न? मग उसनं न्या. झालं की परत आणा."

आणि इथेच खरी अडचण होती. पहिल्या दिवशी महाळुंग स्वतःच्या मालकीचं असावं लागतं. उसनं चालत नाही. मी तसं अम्माला सांगितलं. ती म्हणाली, "बरा आहे तुमचा देव. फळही पाहिजे आणि सातबाराही पाहिजे."

रीना हसली. दाजी हसले नाहीत, कारण त्यांना हा नियम माझ्याइतकाच पाठ आहे. पण नियम तिथे संपत नाही. परत द्यायच्या अटीवर दिलेली भेट ही भेटच धरतात. तेवढ्या काळापुरता माणूस पूर्ण मालक. फक्त अट मोडली, फळ परत दिलं नाही, तर ती भेट कधी झालीच नाही असं होतं आणि म्हटलेला आशीर्वाद मागाहून रद्द होतो.

मी अम्माला हे सावकाश समजावलं. सण संपला की पुढच्या गुरुवारी मी स्वतः घेऊन येईन, बिया जशाच्या तशा. तिने विचारलं, "मालक तुम्ही?"

"परत देईपर्यंत."

"आणि नाही दिलं तर?"

"तर माझा सण झालाच नाही."

हे तिला पटलं. तिने कात्री आणली, देठ धरून फळ कापलं आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तुम्हाला दिलं. परत आणायचं."

गाडीत प्रश्न आला, हे धरायचं कुणी. रीनाच्या मांडीवर कुंडी. मी चालवणार. स्टीलच्या डब्यात कापूस भरून मी फळ त्यात बसवलं आणि डबा दाजींच्या मांडीवर ठेवला. शेंडा माचिसच्या काडीएवढा. रस्ता तोच, शंभरेक किलोमीटरचा.

बामणीच्या अलीकडे पहिला मोठा खड्डा आला. दाजींनी डबा दोन्ही हातांनी हवेत उचलला. पुढच्या खड्ड्याला मी ब्रेक दाबायच्या आत उचलला. जिमलगट्ट्यापर्यंत त्यांना लय सापडली होती. "एली, हळू," म्हणाले, "मागून ट्रक वाजवतोय तर वाजवू दे." रीनाने मागून विचारलं, "दाजी, मी धरू का थोडा वेळ?" त्यांनी डबा आणखी जवळ ओढला.

वाळुंज वाटेवरच्या एका नाल्यावर, पुलाखाली मिळालं. हे झाड ओळखायचं तर पाण्याकडे पाहायचं. लांब, खालून फिकट पानं, लालसर डहाळी. एक गोष्ट लक्षात ठेवा: राखीव जंगलातून फांदी तोडू नका. आम्ही काठावरच्या शेतवाल्याची परवानगी घेतली, त्याच्या बांधालगतचंच झाड होतं. दहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

सण करायचा होता तो सोमाजीभाऊंच्या गावी, आलापल्लीपासून थोडं आत. सोमाजीभाऊ गोंड, धानाची शेती करतात. पूर्वी वीज केंद्राच्या ओव्हरहॉलच्या गँगमध्ये माझ्यासोबत होते. मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "भाऊ, आमच्या सणाला झोपडी लागते. मी आलो की बांधू." पण पाहुणा येणार आणि सोमाजीभाऊ हात बांधून बसणार, हे होणं शक्य नव्हतं.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात मोठ्या मोहाखाली झोपडी उभी. नव्या बांबूचे खांब, सारवलेली जमीन आणि वर छप्पर म्हणून हिरव्या बांबूचा घट्ट विणलेला तट्टा, ज्यावर धान वाळवतात तसा. एक थेंब आत येणार नाही इतका नेटका. सोमाजीभाऊंच्या बायको जैवंताबाई दारात उभ्या होत्या.

"दोन दिस विणत होते," त्या म्हणाल्या. "मले पाणी द्याले बी फुरसत नाई."

दाजी डबा घेऊन गाडीतून उतरले, वर पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झाडाखाली. वर तट्टा. दोन चुका आहेत, एली."

दोन्ही खऱ्या होत्या. मंडपाच्या वर झाडाची फांदी नसावी, उघडं आकाश हवं. आणि छप्पर कापलेल्या, साध्या वनस्पतीचं हवं, माणसाने वापरण्यासाठी बनवलेल्या वस्तूचं नाही. तट्टा ही वस्तू झाली. शिवाय छपरातून मोठ्या चांदण्या दिसायला हव्यात. इथे सुई गेली नसती.

सूर्यास्ताला दोन तास. त्यानंतर बांधकाम बंद. आणि समोर माणसाचे दोन दिवसांचे कष्ट. मी सोमाजीभाऊंना बाजूला नेऊन नियम सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे छप्पर पाह्यजे, पन गळकं पाह्यजे."

"हो."

"सावलीचं झाड आहे, पन त्याची सावली नाई पाह्यजे."

"नाही."

"तुमचा देव चाळणीतून पाह्यते काय, एलीभाऊ?"

"आपण चाळणीतून वर पाहायचं," मी म्हटलं. "छप्पर पक्कं झालं की माणूस वर पाहत नाही."

ते मोहाकडे, मग तट्ट्याकडे पाहत राहिले. मला वाटलं दुखावले. तेवढ्यात मला भिंती आठवल्या. भिंतींना बंधनच नाही. मजबूत उभी राहील अशी कुठल्याही वस्तूची भिंत चालते.

"भाऊ, तट्टा वाया नाही जाणार. खाली येईल. भिंती त्याच्याच करू."

"तसं सांगा न मंग," ते म्हणाले आणि तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवली. शेजारच्या तीन घरांतली माणसं बाहेर आली.

मग जे झालं ते मी ओव्हरहॉलच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. झोपडी सोडवून, खांब उपटून, सगळं खळ्यात नेलं. खळं नुकतंच सारवून तयार केलेलं, वर फक्त आकाश. जुने लोक मंडपाच्या छपराचा नियम खळ्यावरूनच शोधून काढतात, मळणीनंतर उरतं ते छपरावर. आमच्या नियमाला याहून योग्य जागा ठाण्यात मिळाली असती का, हे मी दाजींना विचारलं नाही. विचारायचा मोह झाला. तट्टा तीन बाजूंना उभा केला. वर बांबू आडवे टाकले, गावाच्या जंगलातले, ग्रामसभेच्या हक्काचे. त्यांच्यावर बांबूचीच पानाळ फोकं, सागाची पानं, लवकर कापणीला येणाऱ्या हलक्या धानाचा थोडा नवा पेंढा. सोमाजीभाऊ सवयीने दाट रचत होते आणि मी खालून "भाऊ, एवढं नको" ओरडत होतो. शेवटी ते वरूनच म्हणाले, "पैल्यांदा कोनी मले काम कमी कर म्हणून राह्यलं."

या सगळ्या धावपळीत दाजी खळ्याच्या कडेला दगडावर बसून होते. जैवंताबाईंनी रीनाला विचारलं, "हे पाव्हणे डब्याले लेकरासारके धरून काऊन बसले?"

"फळ आहे त्यात," रीना म्हणाली. "त्यांचं नाही, तरी."

सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा शेवटचं फोक वर गेलं. रीनाने दिवे लावले.

आत बसल्यावर मी वर पाहिलं. अजून उजेड होता, त्यामुळे काही दिसेना. थोड्या वेळाने मोहाच्या मागून चंद्र वर आला. पुनवेचा. छपरातून खाली जमिनीवर, तट्ट्यावर, भातावर, दाजींच्या टोपीवर उजेडाचे ठिपके पडले. मी एक चांदणी मोजली, मग दुसरी. दाजी वर बघत म्हणाले, "तीन." एवढंच.

जेवायला नव्या तांदळाचा भात, आमच्या भांड्यांत रीनाने केलेली मरळ माशाची आमटी आणि खोबऱ्याचं दूध घातलेली खीर. जैवंताबाईंनी खीर चाखून सांगितलं की नवं धान देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय तेही तोंडात घालत नाहीत, तो पंडुम, म्हणजे सण, त्यांचा नुकताच झाला. मी सांगितलं की आम्हीही या मंडपात रोज एका पूर्वजाला जेवायला बोलावतो, आज अब्राहामबाबा. सोमाजीभाऊ थोडे सरकले आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आशीर्वादाची वेळ. दाजींनी आपला ठाण्याचा सेटही काढला. खोकं उघडलं, नळी उघडली. फळ छान होतं, पोगा छान होता. वाळुंजाच्या काड्या काळ्या पडल्या होत्या आणि पानं नळीच्या तळाशी गळून पडली होती. वाळुंज प्रवास सोसत नाही, त्यात दाजींचा काही दोष नव्हता. पण मी इथे लिहिणार नाही की मला आनंद झाला नाही. आनंद करा अशी आज्ञाच आहे.

माझी जुडी तयार होती. मध्ये शिंदीचा पोगा, उजवीकडे मेंदीच्या तीन काड्या, डावीकडे वाळुंजाच्या दोन. डाव्या हातात अम्माचं महाळुंग. आशीर्वाद म्हटला. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, वर, खाली. पोग्याची पानं हलली की पावसाची सर येते तसा आवाज होतो. खळ्याच्या कडेला गावातली माणसं उभी होती, दहाहून कितीतरी जास्त. प्रार्थनेच्या दहांत ती धरता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे, कुणी कळवायची तसदी घेऊ नये. मी फक्त ती उभी होती एवढं सांगतोय.

मग मी दाजींकडे वळलो. "दाजी, हे सगळं तुम्हाला दिलं. परत द्यायच्या अटीवर."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आशीर्वाद म्हणताना त्यांचा आवाज ठाण्याच्या प्रार्थनालयात लागतो तसा मोठा लागला. हलवून झाल्यावर महाळुंग नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले. मग मला परत दिलं, मी रीनाला दिलं, तिने मला परत दिलं. सोमाजीभाऊंनी विचारलं, "शेंडा?" मी दाखवला. जागेवर होता.

सणाचे पहिले दोन दिवस तिथेच राहिलो. गुरुवारी ऊर्जानगरला आलो आणि उरलेले दिवस क्वार्टरच्या मागच्या अंगणात लहान मंडप करून काढले. छपराचे बांबू सोमाजीभाऊंनीच गाडीच्या टपावर बांधून दिले होते. दाजींचं परतीचं तिकीट रविवारचं होतं. शुक्रवारी सकाळी ते मोबाइल घेऊन बसले आणि तिकीट रद्द केलं.

"का हो?" मी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी सिरोंच्याला जायचंय ना," म्हणाले. "तू चालवणार. डबा कोण धरणार? आणि फळ पोचलं नाही तर माझाही आशीर्वाद गेला."

सण संपल्यावर गुरुवारी पुन्हा तोच रस्ता. यावेळी कुंडी नव्हती, त्यामुळे रीना आरामात बसली होती. दाजींना आता प्रत्येक खड्डा ओळखीचा झाला होता. जिमलगट्ट्याच्या पुढे ते आधीच सांगत, "आता डावीकडे घे."

अम्माने डबा उघडला. फळ फिरवून पाहिलं, शेंड्यावरून बोट नेलं, वास घेतला. "तसंच आहे," म्हणाली. मग तिथल्या तिथे विळीवर उभं चिरलं. जाड पांढरी साल, मध्ये थोडासा गर, त्यात बिया. तिने त्या ताटलीत काढल्या, धुतल्या आणि दोन ढीग केले. एक आपल्याकडे ओढला. दुसरा माझ्याकडे सरकवला.

"हे काय, अम्मा?"

"तुम्ही परत आणलं," ती म्हणाली. "कोणी आणत नाही. लावा. कलम करू नका."

दाजींनी माझ्या ढिगातल्या चार बिया उचलल्या आणि रुमालात बांधल्या. विचारलं नाही. मीच म्हणालो, "परत द्यायच्या अटीवर, दाजी." त्यांनी मान डोलावली.

परतताना आष्टीच्या पुलावर रीना मागून पुढे वाकली. मग म्हणाली, "प्लॉटवर विहिरीच्या पूर्वेला दिवसभर ऊन असतं. महाळुंग तिथं लावू. मंडप त्याच्यापासून लांब बांधावा लागेल, फांदी वर यायला नको." दाजींनी मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं आणि म्हणाले, "विहिरीपासूनही थोडा लांब. मुळं शिरतात." विषय तिथे मिटला. त्याच संध्याकाळी लियाताईचा फोन आला, मग काय ठरलं म्हणून. दाजी तिला महाळुंगाची साल किती जाड असते ते सांगत राहिले.

हा प्रवास कुणाला करायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये करा, पाऊस ओसरलेला असतो आणि धान पिवळं होत असतं. सिरोंच्याला एक मुक्काम, आलापल्लीच्या आसपास एक. गाडीला नवे टायर घाला. पाणी आणि स्टेपनी तपासून निघा. जंगलातून काही तोडू नका, गावात विचारून घ्या, लोक विळा घेऊन स्वतः येतात.

माझ्या बिया मी कुंडीत लावल्या, मेंदीच्या शेजारी. फळ धरायला काही वर्षं जातील, घाई नाही. प्लॉटचा व्यवहार झालाय. सोमाजीभाऊंनी पुढच्या वर्षीचा मंडप प्लॉटवर बांधायला यायचं कबूल केलंय, "गळका, ध्यानात आहे," असं म्हणून.

गेल्या आठवड्यात दाजींनी फोटो पाठवला. ठाण्याची बाल्कनी, दह्याची रिकामी वाटी, त्यात माती आणि मातीतून वर आलेला एक हिरवा कोंब. खाली लिहिलं होतं: तुझ्या आधी उगवलं.

मी माझ्या कुंडीकडे पाहिलं. अजून काही नव्हतं. मग उत्तर लिहिलं: अट लक्षात आहे ना?

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं: पुढच्या सणाला घेऊन येतो. मांडीवर.